जागेवाल्याची चतुःसीमा

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ठाकूरद्वारला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वकील मृणालिनी वेलणकर यांची कचेरी आहे. तिथे खिडकीलगतच्या टेबलाशी अंबिका धुरी एका शब्दापाशी अडून बसली होती. शब्द होता 'मेस्विज'.

अडायचं खरं तर काही कारण नव्हतं. इंग्रजी खरेदीखतं, भाडेपट्टे आणि वर्तमानपत्रात द्यायच्या जाहीर सूचना मराठीत आणणं हे तिचं कित्येक वर्षांचं काम. अशा प्रत्येक कागदाच्या शेवटी मिळकतीचं वर्णन येतं आणि वर्णनाच्या शेवटी चतुःसीमा : पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला आणि उत्तरेला काय. मेस्विज म्हणजे राहतं घर आणि त्याच्याभोवतीचं आवार. ती सवयीने तसंच लिहायची आणि पुढे सरकायची.

पण शब्दाच्या मुळाशी जायची तिला खोड होती. कचेरीतला जाडजूड इंग्रजी कोश शब्दांची कुळकथाही सांगतो, आणि जागेचे शब्द तिने त्यात सवडीने शोधून काढले होते. टेनेमेंट म्हणजे धरून ठेवलेलं. प्रिमायसेस म्हणजे तर मुळात जागाच नव्हे. 'वर सांगितलेलं' एवढाच त्याचा अर्थ. जुन्या दस्तांत घरजमिनीचं वर्णन एकदा करून पुढे सगळीकडे नुसतं 'उपरोक्त' म्हणत गेले, आणि ते उपरोक्तच लोकांच्या तोंडी घर होऊन बसलं. मेस्विजचं मूळ लॅटिनमधल्या राहण्याच्या, थांबण्याच्या क्रियेत. आजचं रूप मात्र बहुधा कुणा लेखनिकाच्या चुकीने आलं, असं कोशकार म्हणतात. नक्कल करताना त्याने एक अक्षर भलतंच वाचलं, पुढच्यांनी त्याचीच नक्कल केली. चूक कागदावर चढली ती उतरलीच नाही.

अंबिका आज या शेवटच्या गोष्टीपाशी थांबली होती. तिच्या घरातही अशीच एक चूक होती, फक्त ती कागदावरची नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. राजेश होता, चाळ पाडून बांधलेल्या नव्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. अंबिकाच्याच चाळीत वाढलेला, तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान.

"ताई, चावी कधी घेतेस? अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुझी एकटीची राहिलीय."

"आई तयार नाही रे."

"काकी कशाला अडून बसलीय? लिफ्ट आहे, घरात संडास आहे, चोवीस तास पाणी..."

"चोवीस तास?"

"म्हणजे... सकाळी येतं. ते सोड ना. महिनाअखेरीला बिल्डर भाडं बंद करतोय. मग घोडपदेवचा घरमालक काय तुम्हाला आरती ओवाळून ठेवून घेणार आहे?"

"आईशी बोलते."

"तू सहा महिने बोलतेयस, ताई."

खरं होतं ते. घोडपदेवच्या भाड्याच्या खोलीचा करार या महिन्याच्या अखेरीस संपत होता. अंबिकाने नवं घर घेतलं नाही तर दोघी रस्त्यावर. घेतलं आणि एकटीच तिथे गेली, तर ऐंशी ओलांडलेली आई घोडपदेवच्या जिन्यात बसून राहील. सखुबाईने तसं बजावलंच होतं, आणि सखुबाई बोलून न करणाऱ्यांपैकी नव्हती.

*

लालबागला जांभळीची चाळ होती. नाव आवारातल्या झाडावरून पडलेलं. झाडाखाली एक दगड होता. त्याला शेंदूर नव्हता, नाव नव्हतं. चाळ त्याला 'जागेवाला' म्हणायची.

गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांनी घरचे देव ट्रंकेतून आणले होते. जागेवाला कुणी आणला नव्हता. तो या जमिनीचाच. घरच्या देवाला उचलून कुठेही नेता येतं. जागेवाल्याला हलवत नाहीत. दिवेलागणीला तो आपल्या शिवेवरून फेरी मारतो, आणि कातडी वहाणांच्या करकरीवरून तो ओळखू येतो, असं जुनी माणसं सांगत. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची : नारळ, भाकरी, विडी. आणि गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं घालायचे अंबिकाचे वडील रामचंद्र धुरी. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, त्यांनी उमेदीची वर्षं काढली. गिरणी बंद पडल्यावर परळला एका गोदामावर पहारेकरी झाले. एरवी अबोल माणूस, पण नारळ हातात घेतला की आवाज चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. जागेवाल्याला त्याची शीव दर वर्षी ऐकवायची असते, नाहीतर तो विसरतो. रामचंद्र ऐकवायचे : उगवतीक कापडगिरणीची भित, मावळतीक मसाल्याची गिरण, दक्षिणेक बावडी, उत्तरेक ट्रामचो रस्तो. ट्राम जाऊन जमाना लोटला होता, गाऱ्हाण्यात ती चालूच होती. प्रत्येक वाक्याला चाळ ओरडायची, "व्हय म्हाराजा!" लोकांनी होकार भरल्याशिवाय गाऱ्हाणं बसत नाही.

चाळ रिकामी करायच्या दिवशी सगळे आवारात जमले. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. आम्ही जातो, तू इथेच राहा, परत येऊ तोवर जागा सांभाळ. रामचंद्र नेहमीप्रमाणे सुरू झाले. जांभळाच्या फांद्या आदल्या दिवशीच छाटल्या होत्या. फाटकाबाहेर तोडकामाचं यंत्र सुरू करून ठेवलं होतं आणि त्याचा चालक विडी ओढत वाट बघत होता. रामचंद्रांनी एकदा त्या बोडक्या झाडाकडे बघितलं, आणि त्यांची जीभ भलतीकडे वळली.

"आता तू तरी हयसर कसो रवतलंस?" ते म्हणाले. "आमच्या वांगडा चल."

चाळ सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!"

जागेवाल्याला बरोबर चल म्हटलेलं ऐकून एकट्या सखुबाईचं तोंड मिटलेलं राहिलं. टेम्पोत बसल्यावर तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, "काय बोललात तां तुमका तरी कळला?" रामचंद्रांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या वर्षी घोडपदेवच्या खोलीत ते वारले, तोपर्यंत दिलं नाही.

*

घोडपदेवची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात दिवेलागणीला गॅलरीत वहाणा करकरू लागल्या. आवाज दारापासून निघायचा, जिन्याच्या तोंडापर्यंत जायचा, थांबायचा, परत यायचा. जिना कधी उतरायचा नाही. अंबिका आधी शेजाऱ्यांच्या दारांत चपला बघून आली. रबरी होत्या, प्लास्टिकच्या होत्या, पोरांचे बूट होते. कातडी वहाणा त्या मजल्यावर कुणाच्या नव्हत्या. दार उघडलं की आवाज बंद व्हायचा आणि विडीचा वास उरायचा. मजल्यावरची एक बाई एकदा सहज म्हणाली, "तुमच्याकडे संध्याकाळी म्हातारे पाहुणे येतात ना?" त्या वेळी रामचंद्रांना जाऊन वर्ष झालं होतं.

अंबिकाने यावर कुणाशी वाद घातला नाही. आवाज येत होता. तो कशाचा, हे तिला सांगता येत नव्हतं. जे सांगता येत नाही ते ती कामातही कोरं सोडायची आणि समासात खूण करायची.

राजेशचा फोन आला त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सखुबाई कुळीथ निवडत बसली होती. बाहेर करकर सुरू झाली.

"इलो," सखुबाई मान वर न करता म्हणाली.

"आई, महिनाअखेरीला खोली सोडायची आहे."

"सोड तू. माका खय सांगतंस?"

"तुला सोडून कशी जाऊ?"

"मगे त्याका सोडून मी कशी येव?" सखुबाईने सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "आयाक. जिन्यापावत जाता, परत फिरता. शीम खय सरता तां त्याका कोणी सांगूकच नाय. थयसर अख्ख्या चाळीची राखण करी, हयसर गॅलरीत अडाकलो. तुझ्या बापाशीन केलेला ह्या."

"बाबा गेले. आता कोण नेणार त्याला परत?"

"बापाशीन हाडलान. लेकीन व्हरूक व्हयो."

"बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आई."

"बायलमानसांनी मेलेल्याक न्हाणवला तर चलता, आणि तोंड उघडला तर देव पळता?" सखुबाईने आता वर बघितलं. "हाफिसात बसान लोकांची शीम लिवतंस मा? मगे त्याकाव सांग."

"आणि चुकीची सांगितली तर?"

"तर बापाशीचाच चेडू म्हणान लोक वळाखतले."

थोड्या वेळाने, कुळीथ डब्यात भरताना, तिने पुढचं सांगितलं. ज्याने शीव सांगितली त्याच्या गळ्यात राखण पडते, जन्मभराची. राखण चुकवली की जागेवाला उपाशी फिरतो, आणि उपाशी राखणदार कुणाचा नसतो. "इचार करून बोल," सखुबाई म्हणाली. "तुझ्या बापाशीन इचार नाय केलान."

*

रविवारी अंबिका नवी जागा बघायला गेली. आतापर्यंत ती फक्त सह्या करायला गेली होती. राजेशने तिला सगळीकडे फिरवलं आणि फिरवताना प्रत्येक गोष्टीचं नाव घेतलं. सगळी नावं इंग्रजीच होती.

"ही आपली लॉबी. हा पोडियम, पार्किंगच्या वर. हे कंपाउंड. आणि सातव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया. आग लागली तर सगळ्यांनी तिथे जमायचं. तिथे कोणी राहत नाही, रिकामाच ठेवावा लागतो."

अंबिका मनात एकेक नाव उलटून बघत होती. लॉबी म्हणजे मुळात पानांचा मांडव, सावलीचा रस्ता. इथे छताला पांढऱ्या नळ्यांचे दिवे होते. पोडियमच्या मुळाशी पाय आहे, पाय ठेवायची उंच जागा. कंपाउंड हे तर इंग्रजांनी पूर्वेकडून उचललेलं. मलायातल्या लोकांचा वाडीवस्तीला असलेला शब्द बहुधा तो. सगळे शब्द कुठल्या ना कुठल्या जमिनीतून आलेले होते. इथे खाली जमीनच दिसत नव्हती.

"राजेश, माती कुठे आहे?"

"माती? कुंड्या लावायच्यात?"

"नारळ फोडायचाय."

राजेशला गोष्ट कळायला वेळ लागला नाही. तो त्याच चाळीतला. "अगं, सत्यनारायण घातला ना आपण. भटजींनी वास्तुशांतही केली."

"ती वास्तूची. ही जागेची."

"मग रेफ्यूजवर कर ना. मोकळं आहे, कुणाचं येणंजाणं नाही. जागेवाल्याला पण बरं, वारा आहे."

अंबिका वर जाऊन तो मजला बघून आली. खरंच मोकळा होता; कठड्यापाशी कबुतरं बसली होती. पण रेफ्यूज म्हणजे मागे पळून येण्याची जागा. "नको," ती खाली येऊन म्हणाली. "तो पळून गेला नव्हता. त्याला नेला होता."

"तू पण ना, ताई. बिल्डरशी भांडायला तुलाच पाठवायला हवी होती."

शेवटी माती सापडली. इमारतीच्या कडेला, उंच भिंतीलगत, दोन हात रुंदीची पट्टी. तिथे सिमेंट टाकायचं राहून गेलं होतं. भिंतीपलीकडे दुसरी इमारत होती, विक्रीची. तिचं गेट वेगळं, रस्ता वेगळा. जांभळीच्या चाळीच्याच जमिनीवर दोन्ही इमारती उभ्या होत्या; अर्ध्यात चाळकरी, अर्ध्यात विकत घेणारे.

अंबिका पट्टीवर उभी राहिली आणि हिशेब मांडू लागली. मसाल्याची गिरण डाव्या हाताला होती, अजून चालू. बावडीच्या जागी विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्यावरून चाळीचा जिना कुठे होता ते तिने ठरवलं. जिन्यावरून नळ. नळावरून झाड.

"जांभूळ पलीकडे येतं," ती म्हणाली.

"हो. त्यांच्या लॉबीत," राजेश म्हणाला. "बरोबर मध्ये. तिथे आता संगमरवरी कारंजं आहे. मी एकदा बघितलं, मीटिंगला बोलावलं होतं तेव्हा. आपल्याला तिकडे एंट्री नाही."

*

सोमवारी कचेरीत मृणालिनीबाईंनी विचारलं, "अंबिका, घराचं काय झालं? चावी घेतलीस का?"

अंबिकाने थोडक्यात सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या असल्या गोष्टी मानत नव्हत्या, आणि मानणाऱ्यांची टर उडवायची त्यांना हौसही नव्हती.

"कागदावर तुमच्या सोसायटीची हद्द कुठे संपते?"

"भिंतीशी."

"मग प्रश्न कुठे आहे? भिंतीपर्यंत सांग."

"त्याचा दगड पलीकडे होता."

"हं." बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हद्द दोन प्रकारे ठरते. एक कागदावरून, एक वहिवाटीवरून. कोर्टात मी तुला कागदच दाखवायला सांगीन. पण हा पक्षकार कोर्टात येणारा दिसत नाही. झपाटलेल्या जागेला कायद्यात कलम नाही गं."

बाई कोर्टात गेल्यावर अंबिकाने कोश उघडला आणि इतक्या वर्षांत कधी न पाहिलेला एक शब्द काढला : 'हॉन्ट', झपाटणं. भूत त्यात सापडेल असं तिला वाटलं होतं. भूत होतं, पण फार खाली, उशिराने आलेलं. त्याच्या आधी अर्थ होता वारंवार येणं-जाणं, वहिवाट असणं. आणि त्याच्याही मागे, नक्की नाही पण असावं अशी खूण करून, उत्तरेकडच्या थंड मुलखातला एक जुना शब्द दिला होता. रानात गेलेली गुरंमेंढरं हाकून परत आणणं, घरी आणणं, असा त्याचा अर्थ.

तिने कोश मिटला आणि सोसायटीचा कागद काढून त्यातली चतुःसीमा पुन्हा वाचली. भाषेत एकही चूक नव्हती. आपण मराठी केली असती तर शब्दाला शब्द हीच केली असती, हे तिला ठाऊक होतं. आजवर तिने कुणाची शीव एका बोटाने इकडची तिकडे केली नव्हती.

*

गाऱ्हाणं अमावास्येला घालायचं ठरलं होतं; ती शुक्रवारी होती. अंबिका कचेरीतून लवकर निघून घोडपदेवला आली. संध्याकाळी करकर सुरू झाली तेव्हा ती नारळ घेऊन दारात उभी होती. सखुबाईने सांगितलं होतं : जागेवाल्याला नारळावर घ्यायचा, दोन्ही हातांनी धरायचा, वाहनात बसायचं नाही, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही.

"चल म्हाराजा," अंबिका एवढंच म्हणाली आणि जिना उतरू लागली.

उतरताना मागून काही आलं नाही. रस्त्यावर आली तरी नाही. घोडपदेवच्या नाक्यावर हातगाड्या, स्कूटर, शाळेच्या बसचा भोंगा. त्यात तिला स्वतःच्या चपलांचा आवाजही येत नव्हता. काळाचौकीच्या दिशेने ती बरीच चालून गेली आणि तिला वाटलं, तो गॅलरीतच राहिला.

पुढे पदपथावर एक कोळीण पाटी मांडून बसली होती. बोंबील होते, थोडी मांदेली होती. अंबिका तिच्या पाटीला वळसा घालून पुढे गेली. चारेक पावलं गेली असेल, तोच मागे पाटी फरशीवर घासून सरकवल्याचा आवाज आला आणि कोळणीचा, कुणाला तरी वाट करून देतानाचा :

"जा, बाबा, जा."

अंबिकाने नारळ आणखी घट्ट धरला. मान वळवली नाही. पुढच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा तिच्या खांद्यामागे विडीचा वास होता. सिग्नल सुटला, तिने पाऊल टाकलं, आणि करकर तिच्या मागोमाग निघाली. मग ती लालबागपर्यंत सुटली नाही.

राजेश मातीच्या पट्टीपाशी वाट बघत होता. त्याने चाळीतल्या तीन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ गोळा केले होते, होकार भरायला माणसं हवीत म्हणून. भाकरी आणि विडीचं बंडलही आणलं होतं. अंबिकाने नारळ वर धरला. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिला कळलं की आपण मालवणीत बोलणार आहोत. एरवी ती आईशीही मुंबईचंच बोलायची.

"बा जागेवाल्या म्हाराजा! माझ्या बापाशीन तुका तुझ्या जाग्यावरसून नेल्यान. तां चुकला. ती चूक पोटात घाल. आज तुका परत हाडलंय."

"व्हय म्हाराजा!"

"उगवतीक कापडगिरणीची भित होती. भित गेली, काचेची इमारत इली. तुझी शीम थयच."

"व्हय म्हाराजा!"

"मावळतीक मसाल्याची गिरण. ती अजून आसा. दक्षिणेक बावडी होती, ती बुजयल्यानी, वर इजेचो डबो बसयल्यानी. शीम थयच. उत्तरेक रस्तो, तेच्यार पूल इलो. शीम थयच."

"व्हय म्हाराजा!"

इथे ती थांबली असती तर चाललं असतं. चारही दिशा सांगून झाल्या होत्या. पण समोर भिंत होती. ती काय आहे हे सांगितलं नाही, तर तो तिच्यापाशी येऊन थांबणार, गॅलरीत जिन्यापाशी थांबायचा तसा.

"मधी एक भित घातल्यानी," अंबिका म्हणाली. "ती तुझी न्हय. भितीपलीकडे जांभळ होती, थयसर तुझो दगड होतो. तोव तुझोच जागो. तू थयसरसून फीर. राखण मी दितलंय. हयसरचीव आणि थयसरचीव."

या वेळी होकार आला नाही.

राजेश तिच्या कानाशी वाकला. "ताई, तो सेलचा भाग. आपल्या कागदात नाही. उद्या काही झालं तर..."

"गाऱ्हाण्यात मध्ये बोलू नये, राजेश."

नारळ अजून तिच्या हातात होता. होकार भरल्याशिवाय फोडता येत नव्हता. बायका राजेशकडे बघत होत्या, म्हातारे गृहस्थ भिंतीकडे. पट्टीच्या टोकाला, जिथे कुणी उभं नव्हतं, तिथे एकदा करकर झाली आणि थांबली. ती सगळ्यांनी ऐकली.

राजेशने भिंतीवरून नजर फिरवली. याच भिंतीपायी त्याने अनेक अर्ज केले होते. चाळीतल्या मुलांना पलीकडच्या बागेत संध्याकाळी तासभर खेळू द्या, एवढीच मागणी होती. एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने ओरडला :

"व्हय म्हाराजा!"

मग बाकीचेही ओरडले. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडून खाली पाहिलं. अंबिकाने नारळ फोडला, पाणी मातीत सोडलं.

त्याच संध्याकाळी अंबिकाने चावी घेतली आणि राजेश टॅक्सी घेऊन घोडपदेवला गेला. सखुबाई बोचकं बांधून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती.

"काकी, झालं सगळं."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "गॅलरी गप झाली. हात दी, ऊठव माका."

नव्या घराचा उंबरठा तिने काही न विचारता ओलांडला. स्वयंपाकघर फिरून बघितलं, ओटा बुटका आहे म्हणाली, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सलग झोपली.

*

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दिवेलागणीला सखुबाई ओट्याशी बोंबील साफ करत होती आणि अंबिका कपडे घड्या करत होती. चौथ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून, खालून, ओळखीची करकर आली. ट्रान्सफॉर्मरकडून निघाली, इमारतीच्या कडेने मातीच्या पट्टीपर्यंत आली. अंबिकाचे हात थांबले. आवाज भिंतीशी आला आणि थांबला नाही. तो बारीक होत गेला, पण पुढे गेला.

"गेलो पलीकडे," सखुबाई म्हणाली आणि बोंबलाचं डोकं कापलं. "आता फेरी मारून येतलो."

अंबिका खिडकीपाशी उभी राहिली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी ती हलली नाही. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या जागा मराठीत लिहिल्या. लिहून झाल्या की तिचा त्यांच्याशी संबंध संपायचा. या जागेशी आता तो संपणार नव्हता. राखण चुकवून चालणार नव्हतं. गावी जाणं, आजारपण, म्हातारपण, काहीही आलं तरी. आणि तिच्यानंतर कोण, हे तिला माहीत नव्हतं.

मंगळवारी रात्री जेवताना राजेशचा फोन आला.

"ताई, सेल बिल्डिंगच्या सिक्युरिटीवाल्याने मला गेटवर बोलावलं होतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या बिल्डिंगमधला कोण म्हातारा संध्याकाळी आमच्या लॉबीत वहाणा वाजवत फिरतो, त्याला आवरा. मी विचारलं, बघितलात का त्याला? तर हळूच म्हणतो, कारंज्यापाशी आवाज थांबतो, आणि विडीचा वास येतो, आणि आमचा माणूस तिथे बसायला तयार नाही." राजेशचा आवाज नेहमीसारखा मस्करीचा नव्हता. "काय सांगू त्याला?"

अंबिकाने आईकडे पाहिलं. सखुबाई आमटीत भात कालवत होती.

"सांग, तो रोज येणार," अंबिका म्हणाली.

बुधवारी दुपारी विक्रीच्या इमारतीच्या गेटवर नोटीस लागली. ती इंग्रजीत आहे आणि रस्त्यावरूनही वाचता येते. उद्यापासून संध्याकाळी सहा ते आठ या वेळात लॉबीत एकाऐवजी दोन रक्षक बसतील.